उलट्या सुकाणूची गाडी

जागा भाड्याने घेताना माणूस पाणी बघतो, वीज बघतो, रस्ता किती लांब आहे ते बघतो. घरमालक दिवसभर कुठे बसतो हे कोणी बघत नाही. मीही बघितलं नाही. आरे-वारेच्या रस्त्याला लागून शेड मिळाली, मागे राहायला दोन खोल्या मिळाल्या, विहिरीला बारमाही पाणी आहे म्हणून बायको खूश झाली आणि मी खेडचं सगळं आवरून तिथे गॅरेज टाकलं. पहिल्या सकाळी शटर वर केलं, तर समोरच्या पायरीवर घरमालक बसलेले. बनियन, गुडघ्यापर्यंत लुंगी, हातात चहा संपलेली कपबशी. मी तिथे होतो तोवर ती पायरी त्यांची आणि डोकं माझं, अशी वाटणी कायम राहिली.

त्यांना गावात सगळे तांडेल म्हणत. होडीवर ज्याचा शब्द चालतो तो तांडेल. चाळीस वर्षं त्यांनी होडी हाकली होती. होडी विकून ते उतारवयात जमिनीवर आले, पण आपण जमिनीवर आलोय ही गोष्ट त्यांच्यापर्यंत नीट पोचली नसावी. गॅरेजमध्ये वायर किती लागेल असा मी स्वतःशी हिशेब करत असलो की ते पायरीवरून दोन्ही हात पसरून सांगत, "दीड वाव घे." त्यांचे हात माझ्यापेक्षा चांगलेच लांब. त्यांच्या वावांनी कापलेली वायर एकदाही बरोबर बसली नाही, आणि ती जास्त झाली की ते म्हणत, जास्त झालेली कापता येते, कमी पडलेली वाढत नाही.

गिऱ्हाईक आलं की त्याच्याशी आधी ते बोलत. गाडी कुठची, चालवतो कोण, शेवटचं तेल कधी बदललं. रत्नागिरीहून आलेल्या एका डॉक्टरीणबाईंना त्यांनी पाऊण तास समजावलं की त्यांच्या गाडीचा पुढचा भाग जड आहे, मागे दोन पोती वाळू टाकून फिरत जा. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी टायरकडे बघत होतो. त्या पुन्हा काही आल्या नाहीत.

पण मला त्यांच्या त्या गाडीबद्दल सांगायचं आहे.

तिला काय म्हणावं हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. शहरातली हौशी मंडळी असल्या गाडीला बग्गी म्हणतात. जाड पाइपांचा सांगाडा, वर छप्पर नाही, बाजूला दारं नाहीत, पाठीमागे एका जुन्या व्हॅनचं इंजिन, चार दांडगी चाकं, दोन सीट आणि मागे आंब्याचे क्रेट ठेवायला एक जाळी. तांडेल तिला सरळ होडी म्हणत, तिच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणत, आणि हँडब्रेक बसवलाच नव्हता म्हणून दोरीला बांधलेला एक जांभा दगड चाकाखाली सोडून "नांगर टाकलाय" असं म्हणत. ती त्यांनी स्वतः अंगणात बसून जोडली होती, मी येण्याच्या आधी, कोणालाही न विचारता.

जोडण्याचं कारण मात्र शहाण्या माणसाचं होतं. काकींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, माहेरची हापूसची कलमं वर कातळावर होती. काकींना भाऊ नव्हता, त्यामुळे बाग त्यांच्याकडे आली. घरामागून चढ, मग कातळाचा उघडा सडा, त्यात खड्डे आणि भेगा, आणि सडा ओलांडला की पलीकडच्या उतारावर बाग. वाट म्हणावी तर पायवाट. काकी रोज सकाळी चालत जात. मग गुडघे गेले. दोन वर्षं त्या वर गेल्याच नाहीत, नुसत्या मागच्या दारात उभ्या राहून चढाकडे बघत, असं बायकोला शेजारणीने सांगितलं. त्या बघण्याने तांडेल वैतागले आणि त्यांनी गाडी जोडली. मला त्यांचा कितीही राग आला तरी हे मी विसरत नसे, आणि म्हणूनच राग पूर्ण येत नसे.

आता ती चूक. एका भंगारात काढलेल्या मोटारीचा स्टिअरिंगचा रॅक, म्हणजे चाकं वळवणारी दांडी, त्यांनी आणला. मोटारीत तो पुढच्या चाकांच्या मागे बसतो. तिथे पाय ठेवायला अडचण होते म्हणून यांनी तो चाकांच्या पुढे बसवला. असं केलं की स्टिअरिंग उलटं होतं. डावीकडे फिरवलं की गाडी उजवीकडे जाते, उजवीकडे फिरवलं की डावीकडे. कुठलाही मेकॅनिक गाडी बाहेर काढल्या काढल्या कपाळाला हात लावेल. तांडेल आठवडाभर ती चालवत होते आणि त्यांच्या लक्षातच आलं नाही. चाळीस वर्षं हातात सुकाणूचा दांडा. तो दांडा एका बाजूला लोटला की होडी दुसऱ्या बाजूला वळते. त्यांच्या हाताला जगात सगळं तसंच असतं. चूक दाखवली ती गावातल्या दुसऱ्या कोणीतरी, त्यांच्या शेजारी बसून एक फेरी मारल्यावर, आणि तोवर तांडेलांना ती आवडायला लागली होती.

मी पहिल्याच महिन्यात त्यांना म्हणालो की अर्ध्या दिवसाचं काम आहे, मी सरळ करून देतो, फुकट करून देतो.

"होडीत दांडा उजवीकडं लोटलास तर होडी कुठं जाते?"

डावीकडे, मी म्हणालो.

"आनि ही कुठं जाते?"

डावीकडे.

"मंग उलटा काय हाय?"

मी खूप शिकलेला माणूस नाही, पण त्या दिवशी मला वाटलं की मी जास्त शिकलो असतो तरी याचं उत्तर मिळालं नसतं.

एकदा ते कामानिमित्त रत्नागिरीला गेलेले आणि गाडी माझ्या शटरसमोर नांगर टाकून उभी. आत एका माणसाची जीप तयार, त्याला निघायची घाई. स्टिअरिंग उलटं आहे हे मला पक्कं माहीत होतं. डोक्याला माहीत होतं, हाताला नव्हतं. मी दगड काढला, गाडी चालू केली, रस्त्याकडे वळवायला गेलो आणि काकींच्या आबोलीच्या वाफ्यात शिरलो. तिथून बाहेर यायचं म्हणून घाईने फिरवलं तर कपडे धुवायच्या दगडावर चाक चढलं, स्टिअरिंग हातातून सटकन फिरलं आणि माझा अंगठा सुजला. काकी बाहेर आल्या, वाफ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हळद उगाळायला आत गेल्या. संध्याकाळी तांडेल परत आले आणि सगळी हकीकत ऐकून त्यांना मनापासून आनंद झाला. आता चोराची भीती नाही, म्हणाले. चोर आला तरी आबोलीतच जायचा.

ते स्टिअरिंग उलटं होतंच, वर जडही होतं. रुंद टायर, कातळाचे खड्डे, आणि मदतीला काही नाही, नुसत्या हाताचा जोर. खड्ड्यात चाक गेलं की असा हिसका बसे की खांद्यापर्यंत कळ जाई. तांडेलांना तोच हिसका हवा असे. पाणी कसं आहे ते दांडा हाताला सांगतो, तसं खाली कातळ कसा आहे ते हे हाताला सांगतं, असं त्यांचं म्हणणं. मी पॉवर स्टिअरिंगचा विषय काढला की ते तोंड फिरवत. ज्याला हातातलं कळत नाही त्याने असली सोंगं लावावीत, म्हणत. हे माझ्यासमोर म्हणत, ज्याचं अर्धं पोट असल्या सोंगांच्या दुरुस्तीवर चालतं.

आणखी एक. पावसाळ्यात ही गाडी चालत नसे. बिघडे म्हणून नव्हे. पावसाळ्यात होड्या वर काढून ठेवतात, म्हणून गाडीही ठेवायची. जूनच्या सुरुवातीला ती चार ओंडक्यांवर चढवायची, वरून नारळाची झापं बांधायची आणि नारळी पौर्णिमेला समोर नारळ फोडून खाली उतरवायची. मी म्हणायचो की अहो तांडेल, असली गाडी चिखलासाठीच असते, लोक पावसाळ्याची वाट बघतात. ते म्हणायचे, लोकांना घाई असते. ओंडके मीच आणायचो, चढवायचोही मीच.

अशाच एका पावसाळ्यात ते विहिरीच्या पायरीवरून घसरले आणि उजवा खांदा दुखावला. दुखणं कमी झालं, पण खांदा धरला तो धरलाच. हात छातीच्या वर जाईना. नारळी पौर्णिमेला गाडी उतरवली, नारळ त्यांनी डाव्या हाताने फोडला, चालवायला बसले, आणि अंगणातून बाहेर काढतानाच घामाघूम झाले. स्टिअरिंग फिरेना. मी ओंडके उचलून शेडमध्ये नेत राहिलो. बोललो असतो तर आणखी चिवटपणा केला असता.

त्यांनी स्वतःच त्यावर एक उपाय काढला. स्टिअरिंगच्या चाकाला जाळ्याचा दोर बांधला आणि दुसरं टोक शेजारच्या सीटवर बसलेल्या काकींच्या हातात दिलं. एका बाजूने तांडेलांचा डावा हात, दुसऱ्या बाजूने काकींचा दोर. "ओढ" म्हटलं की ओढायचं, "सोड" म्हटलं की सोडायचं. पहाटवाऱ्यात ही वरात चढावरून निघाली की "ओढ, ओढ, सोड, अगो सोड" असं सगळ्या वाडीला ऐकू येई. माझी बायको हसून हसून ओट्यावर बसे. मला हसू येत नव्हतं, कारण ती गाडी मोडली की जोडायला कोण बसणार हे मला ठाऊक होतं.

आणि तसंच झालं. एके सकाळी सड्याच्या कडेने जाताना काकींचा फोन वाजला. मुलाचा होता, मुंबईहून. तिकडून फोन आला की काकी हातातलं सगळं टाकत. दोरही टाकला. गाडी वळली नाही, सरळ करवंदीच्या जाळीत गेली. दोघांना ओरखडे पडले, बाकी काही नाही. काकींनी जाळीत बसूनच मुलाला सांगितलं की आम्ही बागेत चाललोय, मंग बोल.

मुलगा गणपतीला घरी आला. साधा, कामाचा मुलगा, आईवडिलांची काळजी करणारा. त्याने आईच्या हातावरचे ओरखडे बघितले, दोर बघितला, आणि दीड दिवस काही बोलला नाही. गणपती गेल्यावर त्याने सांगितलं की बस झालं. कलमं व्यापाऱ्याला कराराने द्यायची. दिवाळीनंतर व्यापारी बघायला येईल. फवारणी तो करेल, आंबा तो उतरवेल, तुम्ही घरी बसा. कोणी वर जायचं नाही.

त्याचं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. पण तो गेल्यावर दुसऱ्या दिवशी काकी गॅरेजमध्ये आल्या. त्या शेडमध्ये कधी येत नसत. आल्या, टायरांच्या ढिगाजवळ उभ्या राहिल्या, आणि नवरा पायरीवर नाही याची खात्री करून बोलल्या.

"पोरगा बोलला ता खोटा नाय, मिस्त्री. पन ती कलमं माज्या बापाशीनं लावलान. दुसऱ्यानं उतरवलेला आंबा मी दारात बसून बघायचा, ता मना नको. ह्यांच्या हाताला हलका होईल असा कायतरी कर."

मी म्हणालो, करता येईल, पण तांडेल ऐकणार नाहीत. त्या म्हणाल्या, त्यांना मी सांगते. कसं सांगितलं ते मला माहीत नाही. दुसऱ्या सकाळी तांडेल पायरीवर न बसता थेट आत आले आणि म्हणाले, बसव. एकच अट. सुकाणूची दिशा बदलायची नाही, बदललीस तर शेड सोडायची.

कोल्हापूरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारातून मी एक विजेवर चालणारं पॉवर स्टिअरिंग आणलं. स्टिअरिंगच्या दांड्यावरच एक मोटार असते. आपण चाक जरा फिरवलं की ती ओळखते आणि तिकडेच जोर लावते. अडचण अशी की ही मोटार गाडी किती वेगात आहे ते विचारते, आणि तांडेलांच्या गाडीत तिला सांगणारं कोणी नव्हतं. मग तिला फसवायला एक छोटी पेटी लावायची, तिच्यावर एक बटण, फिरवून जड-हलकं करता येईल असं. बॅटरी मोठी घालायची, दांडा कापून मोटार मध्ये बसवायची, पाइपाला नवीन आधार वेल्ड करायचा. नीट केलं तर चार दिवसांचं काम.

मला तीन आठवडे लागले. तांडेल पायरीवरून उठून स्टुलावर आले होते, माझ्या कोपराला लागून. आधार इकडे नको, तिकडे घे. वायर दोन वाव घे. मोटार उघडी कशाला, तिच्यावर झाप बांध. एकदा मी जेवायला गेलो आणि परत आलो तर सगळ्या जोडण्यांना, मोटारीला, पेटीला त्यांनी मुशीचं तेल फासलेलं. खाऱ्या वाऱ्याने गंज धरू नये म्हणून होडीला आतून-बाहेरून माशाचं तेल लावतात, ते. वासाने शेडमध्ये उभं राहवेना. गावातली झाडून सगळी मांजरं आली. दोन मांजरं मोटारीवर बसून तिला चाटत होती आणि तिसरं माझ्या टूलबॉक्समध्ये झोपलं होतं. एक गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं. मी सगळं सोडवलं, पेट्रोलने धुतलं, परत जोडलं. मी पाना आपटला. तांडेल म्हणाले, राग कामात उतरतो, सावकाश घे.

दिवाळीच्या आधी ते काम पुरं झालं. मी एका बोटाने स्टिअरिंग फिरवून दाखवलं. ती दांडगी चाकं उभ्या जागी सुरकन वळली. तांडेलांनी डाव्या हाताने फिरवून बघितलं, मग दुखऱ्या उजव्या हातानेही फिरवलं, आणि काही म्हणाले नाहीत. त्यांच्याकडून ही मोठीच शाबासकी होती. काकी दारातून बघत होत्या, त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

दुसऱ्या सकाळी आम्ही वर गेलो. ती दोघं गाडीत, मी मोटारसायकल सड्याच्या तोंडाशी लावून मागून चालत. चढ छान चढले. सड्यावर आल्यावर तांडेलांनी वेग घेतला. पुढे मोठी भेग होती, ती चुकवायला त्यांनी नेहमीच्या सवयीने जोर लावला. पण आता जोराची गरजच नव्हती. गाडी जितकी वळायची त्याच्या दुप्पट वळली. त्यांनी सावरायला उलट फिरवलं, तेही दुप्पट. एरवी हिसक्यावरून त्यांच्या हाताला कळे की चाक कुठे आहे. तो हिसका मीच काढून टाकला होता. डावं की उजवं याचा त्यांचा सगळा मेळ चुकला आणि गाडी जाऊन दगडी गडग्यावर आदळली. मी धावलो.

तांडेल धड होते. काकींचं कोपर जांभ्या दगडावर घासून सोललं होतं, रक्त कोपरावरून मनगटापर्यंत आलं होतं आणि दोन बांगड्या वाढल्या होत्या. मी त्यांना उतरवून गडग्यावर बसवलं. त्यांनी पदराने हात दाबून धरला. जरा वेळाने, अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं म्हणाल्या, "मिस्त्री, ती दुनियेसारखी कर. मी चालवीन."

मी तांडेलांकडे बघितलं. मला वाटलं आता भांडण होणार. ते काकींच्या हाताकडे बघत होते. वाकलेलं नाळेचं टोक मी पायाने रेटून चाकापासून सोडवलं आणि ती उलट्या सुकाणूची गाडी पहिल्या गिअरमध्ये, मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत, खाली आणली. काकी शेजारी बसल्या. तांडेल मागून चालत आले, पार मागे राहून.

मग पायरी रिकामी राहायला लागली. सकाळी शटर वर करावं तर समोर कोणी नाही. मला कोणी टोकत नव्हतं, गिऱ्हाइकं थेट माझ्याशी बोलत होती, वायर एकदाच कापली की बसत होती. इतकी वर्षं मी हेच मागत होतो. आणि आता हातात पाना घेऊन मी दर थोड्या वेळाने त्या पायरीकडे बघत होतो. बायको म्हणाली, जाऊन विचारा तरी. मी म्हणालो, मी कशाला विचारू, मला काम आहे. मला काही काम सुचत नव्हतं.

एके दिवशी ते आले. पायरीवर बसले नाहीत, आत येऊन गाडीजवळ उभे राहिले.

"कर ती म्हनते तसा," म्हणाले.

बघू, असं मी काहीतरी म्हणालो. ते तसेच उभे राहिले. मग गाडीकडे बघत बोलले, माझ्याकडे नाही.

"चाळीस वर्षात होडीतल्या एका पन मानसाला मी खरचटू दिला नाय. त्या दिवशी हिच्या हातातून रगत आला, आनि गाडी कुठं चाललीय ता मनाच कळत नव्हता."

एवढं बोलून ते स्टूल ओढून बसले, माझ्याकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून. मी रॅक काढला आणि चाकांच्या मागे, जिथे तो पहिल्यापासून असायला हवा होता तिथे, बसवला. पाय ठेवायला जागा करायची म्हणून सीट जरा मागे सरकवली. अर्ध्या दिवसाचं काम, मी म्हणालो होतो तसंच. पण मला त्यात काही जिंकल्यासारखं वाटलं नाही.

काकी शिकल्या. कशा शिकल्या हे मी सांगू शकेन, कारण मी सड्यावर उभा राहून बघत होतो. साडी खोचून बसायच्या, चष्मा घालायच्या, आणि सावकाश, अगदी तांदूळ निवडावेत तशी, एकेक भेग बघून गाडी न्यायच्या. त्यांच्या हाताला आधीची कुठलीच सवय नव्हती, आणि स्टिअरिंग एका बोटाने फिरत होतं. शेजारी बसून तांडेल शिकवायचे. आता वळव, आता सोड, नाळ वर घे. मधेच विसरायचे आणि उजवीकडे जायचं असेल तर डावीकडे लोट म्हणून सांगायचे. काकी सगळ्याला होय म्हणायच्या आणि डोळ्यांना दिसेल तसं न्यायच्या. आठवडाभरात त्या बागेपर्यंत जाऊन येऊ लागल्या. पहिल्या दिवशी वर पोचल्यावर त्यांनी गाडी बंद केली, उतरल्या, आणि एकेका कलमाला हात लावत शेवटच्या कलमापर्यंत गेल्या. गुडघे दुखत असणारच. त्यांनी ते दाखवलं नाही. मी मोटारसायकलकडे परत आलो.

दिवाळीनंतर ठरल्याप्रमाणे व्यापारी आला. बाग बघायची म्हणाला. काकी म्हणाल्या, चला, दाखवते. गाडीत दोनच सीट. एकीवर काकी, दुसरीवर व्यापारी, दोन्ही हातांनी पाइप धरून. तांडेल अंगणात उभे राहिले. चाकाखालचा दगड त्यांनीच ओढून काढला. गाडी चढावर गेली, वळली, दिसेनाशी झाली, तरी ते तिकडेच बघत होते.

तासाभराने काकी परत आल्या. त्यांनी सगळी बाग दाखवली होती, प्रत्येक कलमाचं नाव-गाव सांगितलं होतं. व्यापाऱ्याला त्यांनी चहा दिला, पोहे दिले, आणि त्याचे पोहे संपल्यावर सांगितलं की बाग द्यायची नाही, मीच बघते. मुलाला फोनही त्यांनीच केला. तो रागावला, मग हसला, मग म्हणाला की येतो तेव्हा मला बसवून ने. व्यापारी जाताना शेडमध्ये डोकावून मला म्हणाला की बाई फार नीट चालवते हो.

काकींचं काम झालं, माझंही झालं होतं. मी कामाला लागलो, तेवढ्यात तांडेल येऊन पायरीवर बसले. बऱ्याच दिवसांनी बसले. हातात रिकामी कपबशी. टोकतील म्हणून मी वाट बघितली. टोकलं नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, कशा चालवतात काकी?

"बरी चालवते," ते म्हणाले. "माज्यापेक्षा बरी चालवते."

मग कपबशी पायरीवर ठेवली.

"पन मना आता काय विचारीत नाय."

शेडमध्ये एक टेम्पो उभा होता. त्याचा क्लच गेलेला होता, ते मला तो रस्त्यावरून आत येतानाच कळलं होतं. नवीन प्लेटही मागवून झाली होती. मी हातातला पाना खाली ठेवला आणि तांडेलांना म्हणालो, जरा बघता का, काय झालंय मला समजत नाही.

ते लगेच उठले नाहीत. माझ्याकडे जरा संशयाने बघितलं. मग आले. टेम्पोच्या भोवती फिरले, खाली वाकून बघितलं, मला दोनदा चालू-बंद करायला लावलं, बॉनेटवर कान ठेवला. बराच वेळ लावला. शेवटी हात पुसत म्हणाले की डिझेलात कचरा आहे, सगळी टाकी खाली कर.

मी सगळी टाकी खाली केली.